रात्री दोन वाजता टेबलापाशी कोण असतं, ते विचार

प्रश्न : मॅडम, मी नागपूरच्या एका शासकीय कॉलेजात इंटर्न आहे. नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला. रेडिओलॉजी किंवा स्किन मिळण्यासारखी रँक नाही, आणि मला ते नकोच होतं. सर्जरी कुठे ना कुठे नक्की मिळेल आणि तिसऱ्या वर्षापासून मला तीच करायची आहे. आता चॉइस फिलिंग, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी भरणं, तोंडावर आलंय आणि माझ्या वहीत चाळीसेक कॉलेजांची नावं आहेत. एक सीनियर म्हणतो, मुंबईच घे, नावाला वजन असतं. दुसरी म्हणते, नागपूर सोडू नकोस. तिसरा म्हणतो, कॉर्पोरेट हॉस्पिटलात डीएनबी (एमएसच्या तोडीची बोर्डाची पदवी) कर, दुर्बिणीची ऑपरेशनं शिकशील आणि झोपही मिळेल. आईबाबा काटोलला असतात, आमची संत्र्याची बाग आहे. मुलीने सर्जरी घेऊच नये असं त्यांचं म्हणणं. पुढे एमसीएच (एमएसनंतरची सुपर स्पेशालिटी पदवी) करायचं की काटोलला हॉस्पिटल टाकायचं, तेही माझं ठरलेलं नाही. मी ओबीसी प्रवर्गातली आहे. यादी लावायची कशी?
– एक इंटर्न, नागपूर

उत्तर :

बेटा, तुझ्या वहीत चाळीस कॉलेजं आहेत, पण त्यातल्या एकाही ठिकाणी रात्रीचं ऑपरेशन कोण करतं, हे तू लिहिलेलं नाहीस. माझ्या मते यादीतला पहिला रकाना तोच हवा. शहर, कॉलेजचं नाव, हॉस्टेल, स्टायपेंड हे सगळं त्याच्या मागून.

सर्जरीची तीन वर्षं म्हणजे मुख्यतः इमर्जन्सीच्या रात्री. दिवसाच्या ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्टवर हर्निया, हायड्रोसील, पित्ताशय असतं, आणि तेही शिकायचंच असतं. पण पोट कधी उघडायचं आणि कधी नाही, हा निर्णय तू रात्रीच शिकणार आहेस. आपल्याकडची नेहमीची केस घे. रामटेककडून किंवा शिवनीहून पन्नाशीचा माणूस येतो. गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्लेल्या, दोन दिवस पोट दुखतंय, आता पोट फळीसारखं कडक. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये डायफ्रॅमखाली हवा दिसते. पर्फोरेशन, म्हणजे आतड्याला भोक. नळी, कॅथेटर, सलाईन, अँटिबायोटिक, नातेवाइकांची संमती, आणि रात्री दोनच्या सुमारास पेशंट टेबलावर. पोट उघडलं की पित्त आणि पू बाहेर येतो, आणि ड्युओडिनमच्या (जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या) पहिल्या भागात छोटंसं भोक सापडतं. आता त्यावर ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) तुकडा आणून टाके घालायचे.

इथे कॉलेजाकॉलेजांतला फरक उघडा पडतो. काही ठिकाणी लेक्चररच सगळं करतात आणि सेकंड इयरची मुलगी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभी असते. तिसऱ्या वर्षीही ती रिट्रॅक्टरच धरते. काही ठिकाणी बरोबर उलट असतं. सेकंड इयर एकटा ऑपरेशन करतो, सोबतीला फर्स्ट इयर, आणि वरचे सगळे फोनवर. ‘आमच्याकडे खूप कटिंग मिळते’, म्हणजे स्वतः ऑपरेशन करायला मिळतं, असं ही मुलं अभिमानाने सांगतात. त्यांचा हात भराभर चालायला लागतो हे खरं, पण चुकीची सवयसुद्धा तेवढ्याच भराभर बसते, आणि तिची किंमत पेशंट मोजतो. तुला हवी ती जागा तिसरी. तिथे सेकंड इयर सर्जनच्या जागी उभी असते आणि समोर सीनियर रेसिडेंट किंवा लेक्चरर हात धुऊन उभा असतो. ती गाठ मारायला लागते तेव्हा तो म्हणतो, ‘थांब, इतकी आवळू नकोस, ओमेंटमचा रक्तपुरवठा तुटेल.’ ती गाठ सैल करते, ओमेंटमचा रंग बघते, पुन्हा बांधते. एवढं वाक्य योग्य वेळी कानावर पडावं, यासाठी कॉलेज निवडायचं असतं.

हे बाहेरून कळणार कसं, असं तू म्हणशील. कळतं. प्रत्येक ओटीत रजिस्टर असतं आणि त्यात सर्जन आणि असिस्टंट असे वेगळे रकाने असतात. तुझ्या स्वतःच्या कॉलेजात ते तुला बघायला मिळेल. मागच्या काही इमर्जन्सी ड्युट्यांची पानं वाच. बाहेरच्या कॉलेजांसाठी तिथल्या रेसिडेंटला फोन कर आणि त्याच्या लॉगबुकबद्दल विचार. ‘डिपार्टमेंट कसं आहे?’ असं विचारू नकोस, त्याला ‘चांगलं आहे’ हेच उत्तर मिळतं. विचार, की मागच्या इमर्जन्सीला किती लॅपरोटॉमी (पोट उघडून केलेली ऑपरेशनं) झाल्या आणि त्या कोणी केल्या. पहिलं अपेंडिक्स स्वतःच्या हाताने कधी काढलं? पहिली पर्फोरेशन कधी? समोर कोण होतं? नेमकं विचारलं की माणूस नेमकं सांगतो. आणि तो अडखळला, विषय बदलायला लागला, तर तेही उत्तरच समज.

फोन करायचा तो फर्स्ट इयरला आणि सेकंड इयरला. थर्ड इयरचा मुलगा परीक्षेच्या तोंडावर असतो, आणि पहिल्या वर्षाचे हाल त्याच्या आठवणीत बरेच सौम्य झालेले असतात. शिवाय एकाच युनिटच्या मुलाशी बोलून थांबू नकोस. आपण ‘अमुक कॉलेजची सर्जरी’ म्हणतो, पण प्रत्यक्षात तू एका युनिटमध्ये राहणार आहेस. एकाच कॉरिडॉरमधली दोन युनिटं दोन वेगळी कॉलेजं वाटावीत इतका फरक असू शकतो. युनिट कसं वाटून देतात, मध्ये बदलतात का, हेही विचारून घे.

आणखी एक प्रश्न मी न चुकता विचारायला सांगते : मागच्या दोन-तीन बॅचमधून कोणी सोडून गेलं का, आणि का? एखादा गेला तर त्याची स्वतःची काही कारणं असतील. दर वर्षी कोणी ना कोणी जात असेल, तर ते नाव कितीही मोठं असो, यादीत खाली ने.

आता नागपूर की मुंबई. नागपूरच्या पेशंटबद्दल मी जरा जास्तच लिहिणार, कारण इथल्या मुलांना आपल्या घरची किंमत कळत नाही. १९४७ सालचं आपलं मेडिकल घे किंवा मेयो घे, नागपूरच्या या दोन्ही शासकीय कॉलेजांच्या कॅज्युअल्टीत एका रात्री जे येतं ते बघ. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा तर आहेच, वरून बालाघाट, शिवनी आणि छिंदवाड्याचेही पेशंट. महामार्गावरचे अपघात. साप चावून सुजलेला, काळा पडत चाललेला पाय, ज्याचं डिब्रिडमेंट (मेलेला भाग कापून साफ करणं) वेळेवर झालं तर पाय वाचतो. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तरुण मुलगी, जिच्या पित्ताशयात खडे झालेत आणि जिला भूल देण्याआधी ऑक्सिजन, पाणी आणि अंगाची ऊब या तिन्हींचा विचार करावा लागतो. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणारे. तोंड दोन बोटंही उघडत नाही, गालात गाठ, मानेत गाठी, वय पस्तीस. हे सगळं नुसतं पुस्तकात वाचून कोणी सर्जन होत नाही, आणि आपल्याकडे ते रोज ओपीडीत बसलेलं असतं. शिवाय या माणसांची बोली तुला येते. रात्री संमती घेताना, पोटात काय झालंय ते बाईला समजावताना, ही फार मोठी गोष्ट आहे. दक्षिणेतल्या चांगल्या कॉलेजांत जाऊन पहिले सहा महिने खुणांनी हिस्टरी घेणारी मुलं मी पाहिली आहेत. ती शिकतात पुढे, पण ते सहा महिने फार जड जातात.

मुंबईला मी नको म्हणत नाही. केईएम, सायन, नायर, जेजे इथे पेशंटची गर्दी अफाट आहे आणि शिकवणारी माणसंही आहेत. पण एक गोष्ट समजून घे, आणि ती मुंबईपुरतीच नाही. ज्या कॉलेजात युरो, प्लास्टिक, न्यूरो, गॅस्ट्रो, पीडियाट्रिक सर्जरी असे सगळे सुपर स्पेशालिटी विभाग जोरात चालतात, तिथे त्या केसेस त्या विभागांकडे जातात. तुला त्या रोटेशनमध्ये बघायला मिळतात, पण हातात येतात त्या एमसीएच करणाऱ्यांच्या. असे विभाग कमी असतील तिथे जनरल सर्जरीची मुलगी जास्त प्रकारचं काम स्वतः करते, पण मोठी गुंतागुंतीची ऑपरेशनं तिला कमी दिसतात. तुला काय हवंय त्यावर हे ठरेल. काटोलला हॉस्पिटल टाकायचं असेल तर हात सगळीकडे चालायला हवा, कारण तिथे रात्री मदतीला शेजारचा विभाग नसतो. एमसीएच करायचं असेल तर तो विभाग जवळून पाहिलेला असणं उपयोगी पडतं, निदान तो आपल्याला नको हे कळायला तरी.

आणि ‘नावाला वजन असतं’ याबद्दल. एमसीएचला प्रवेश नीट एसएस या वेगळ्या प्रवेशपरीक्षेच्या रँकवर होतो. तुझं एमएस कुठलं, याला त्या परीक्षेत एकही गुण नाही. त्या परीक्षेसाठी लागतो वाचायला वेळ आणि डोक्यात बसलेल्या केसेस. त्यामुळे ‘तिसऱ्या वर्षी वाचायला वेळ मिळतो का?’ हा प्रश्न एमसीएचच्या दृष्टीने कॉलेजच्या नावापेक्षा मोठा आहे. काटोलच्या पेशंटला तर पाटीवर ‘एम.एस.’ दिसलं की पुरे, पुढचं तो तुझ्या टाक्यांवरून ठरवेल.

तुझ्या पत्रात एम्सचा उल्लेख नाही. मिहानमधल्या आपल्या नागपूरच्या एम्सला प्रवेश आयएनआय-सीईटीतून होतो. ती परीक्षा वेगळी आणि वर्षातून दोनदा होते. ती या यादीत येत नाही, पण या फेरीत मनासारखं काही मिळालं नाही तर तो दरवाजा डोळ्यांसमोर ठेव.

डीएनबीबद्दल तुझा सीनियर अर्धं सांगतोय. डीएनबी ही एमएसइतकीच मान्य पदवी आहे, त्याबद्दल मनात शंका नको. कॉर्पोरेट हॉस्पिटलात दुर्बिणीची ऑपरेशनं भरपूर होतात हेही खरं. पण तो पेशंट पैसे मोजून अमुक डॉक्टरांच्या नावावर आलेला असतो, आणि ऑपरेशन तेच डॉक्टर करतात. तू कॅमेरा धरशील. कॅमेरा धरूनही शिकता येतं, पण तीन वर्षं फक्त कॅमेरा धरून पोर्ट घालायचा हात बसत नाही. ट्रस्टची हॉस्पिटलं आणि जिल्हा रुग्णालयं यांच्या डीएनबीत हा प्रश्न बराच कमी असतो, त्यांची वेगळी चौकशी कर. आणि अंतिम परीक्षा राष्ट्रीय परीक्षा बोर्ड घेतं, प्रॅक्टिकल बहुधा दुसऱ्याच केंद्रावर अनोळखी परीक्षकांपुढे असतं. मागच्या बॅचमधले किती जण पहिल्या झटक्यात पास झाले, हे त्या हॉस्पिटलात जाऊन विचार.

खासगी आणि अभिमत कॉलेजांचं थोडक्यात सांगते. फी परवडते का, हा पहिला प्रश्न, आणि बाग गहाण टाकून परवडत असेल तर ते परवडणं नव्हे. दुसरा, वॉर्डातल्या खाटांवर खरोखर पेशंट आहेत का. एका सोमवारी सकाळी स्वतः ओपीडीत जाऊन बस, अर्ध्या तासात कळेल. तिसरा, स्टायपेंड बँकेत पूर्ण जमा होतो का. हे ऑफिसात विचारू नकोस, रेसिडेंटला विचार.

आता आईबाबा. त्यांना खोटं आश्वासन देऊ नकोस. पहिलं वर्ष वाईट असतं. २०२३च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा आणि वाजवी कामाचे तास असं लिहिलेलं आहे. पण त्यातच ‘कामाची निकड असल्यास’ हाही शब्द आहे, आणि सर्जरीत निकड रोज असते. म्हणून प्रत्यक्ष काय चालतं ते विचार : इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तरी झोपायला मिळतं का, शेवटचं घरी कधी गेलीस, आजारी पडल्यावर काय झालं. काम जास्त असणं एक आणि माणसाला तुडवणं दुसरं. जिथे राउंडवर पेशंटसमोर शिवीगाळ होते, फाइल फेकली जाते, चुकीची शिक्षा म्हणून सलग ड्युट्या लावतात, ते ठिकाण कटिंग कितीही देवो, मी तुला पाठवणार नाही. घाबरलेल्या माणसाचा हात शिकत नाही, आणि घाबरलेली फर्स्ट इयर रात्री सीनियरला उठवायला कचरते. त्यात पेशंट जातो.

मुलगी म्हणून तुला जे विचारायचंय ते फक्त तिथल्या मुलींनाच विचार. युनिटमधल्या मुलीला ब्रेस्ट ओपीडी आणि ड्रेसिंग, आणि मुलांना लॅपरोटॉमी, अशी वाटणी होते का? ओटीजवळ मुलींसाठी ड्युटी रूम आहे का, आणि तिला आतून कडी लागते का? एखादी रेसिडेंट गरोदर राहिली तेव्हा विभाग तिच्याशी कसा वागला? ही शेवटची गोष्ट आज तुला लांबची वाटेल, पण त्या विभागाचा स्वभाव तिच्याइतका दुसऱ्या कशातून कळत नाही. आईबाबांना शक्य असेल तर एखाद्या सर्जन बाईंना भेटव. धंतोलीत, रामदासपेठेत अशा कितीतरी जणी आहेत, ज्या सकाळी ऑपरेशन करतात आणि संध्याकाळी ओपीडी करून घरी जातात. तीन वर्षांच्या पलीकडचं आयुष्य त्यांना एकदा डोळ्यांनी दिसू दे.

आता प्रत्यक्ष यादी. यात दर वर्षी हुशार मुलं फसतात, म्हणून नीट वाच. जागा रँकप्रमाणे वाटल्या जातात. तुझा नंबर आला की यंत्रणा तुझ्या यादीत वरून खाली जाते आणि शिल्लक असलेली पहिली जागा तुला देते. म्हणजे मिळण्याची शक्यता कमी आहे म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकण्यात काहीही अर्थ नाही. वर टाकलं आणि नाही मिळालं तर तुझं काही बिघडत नाही, यंत्रणा पुढच्या नावावर जाते. पण ‘हे नक्की मिळेल’ म्हणून एखादं सुरक्षित नाव वर टाकलंस तर तेच मिळेल, आणि खालचं आवडतं कॉलेज रिकामं असूनही हातचं जाईल. तेव्हा मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघून क्रम लावू नकोस. क्रम मनाचा हवा. कट-ऑफचा उपयोग एवढाच, की यादी किती लांब करायची ते कळतं. आणि जिथे तू खरंच जाणार नाहीस ते नाव शेवटच्या नंबरलाही नको. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडून सुटता येतं, पण पुढच्या फेऱ्यांत अनामत रक्कम जाते, नंतर तर अडकायलाच होतं.

याद्या दोन होतील. अखिल भारतीय कोट्याच्या ५० टक्के जागा, अभिमत विद्यापीठं आणि डीएनबी हे एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडे. उरलेला राज्य कोटा आणि राज्यातली खासगी कॉलेजं राज्याच्या सीईटी सेलकडे. तू महाराष्ट्रातून एमबीबीएस केलंस, दोन्हींचे अर्ज भर. दोन्हींच्या फेऱ्यांच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लाव, कारण एकीकडे नंतरच्या फेरीत प्रवेश पक्का झाला की दुसरीकडचा रस्ता बंद होतो. महाराष्ट्रात शासकीय जागेसाठी एक वर्षाचा सेवा बाँड, म्हणजे शिक्षणानंतर सरकारी नोकरी करण्याचा करार, आहे. इतर राज्यांत तो जास्त वर्षांचा असू शकतो आणि दंडाचे आकडेही वेगळे असतात. परराज्यातलं प्रत्येक नाव टाकण्याआधी त्या राज्याचा बाँड वाच, आणि वडिलांनाही वाचायला दे, सही त्यांचीही लागू शकते.

शेवटी कागदपत्रं, कारण ओबीसीच्या मुलांची जागा इथे जाताना मी पाहिली आहे. राज्य कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. एमसीसीसाठी ते चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षाचं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि तुझी जात केंद्राच्या यादीत असावी लागते. काटोलच्या तहसील कार्यालयात बाबांना या आठवड्यातच पाठव. इंटर्नशिप पूर्ण होण्याची तुझी तारीख प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतल्या शेवटच्या तारखेच्या आत बसते का, तेही आजच तपास. मध्ये रजा घेतल्यामुळे ती पुढे सरकली असेल, तर कॉलेजच्या ऑफिसात बोलायला अजून वेळ आहे.